सालदार की उक्ते? आधी ते ठरवा



मागच्या जिल्हा बैठकीत एक ठराव आला आणि वेळ संपल्यामुळे पुढच्या बैठकीवर गेला. ज्या घरात आत्महत्या झाली त्या घराकडे वर्षभर जात-येत राहील असे समाजकार्याचे शिक्षण घेतलेले एक माणूस संघटनेने वर्गणीतून ठेवावे, असा तो ठराव. इथपर्यंत कुणाचे दुमत नव्हते. पण त्याखाली आणखी एक ओळ होती. ही व्यक्ती संघटनेची नोकर राहणार नाही, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करील, महिना १५,००० रुपये मानधन, प्रवासखर्च त्यातच. मला बोलायचे आहे ते त्या ओळीबद्दल.

ती ओळ वाईट हेतूने लिहिलेली नाही. नोकर ठेवला की भविष्य निर्वाह निधी आला, ग्रॅच्युइटी आली, उद्या कोर्टकचेरी आली, अशी आपल्या हिशेब पाहणाऱ्या मंडळींना धास्ती वाटते. ती निम्मी फुकाची आहे. निर्वाह निधीचा कायदा २० माणसे कामाला असतील तिथे सक्तीने लागतो, ग्रॅच्युइटीचा १० माणसे असतील तिथे. आपल्याला ठेवायचे आहे एक माणूस.

आता कायद्याची पोथी बाजूला ठेवू आणि वावरात येऊ. आपल्याकडे माणूस कामाला लावायच्या दोन रीती बापजाद्यांपासून आहेत. एक सालदाराची. पाडव्याला साल ठरते, आणि मग आज वखर धर म्हटले की तो वखर धरतो, उद्या बैल चारायला ने म्हटले की बैल नेतो. पाऊस लागून काम बंद पडले तरी साल बुडत नाही. दुसरी रीत उक्त्याची. विहिरीचा गाळ काढायचा इतक्याला, ठरले. तो चार माणसे आणो की सात, सकाळी करो की रात्री, आपण त्याला विचारत नाही. काम उतरले की पैसे. दोन्ही रीती चोख आहेत. वाद होतो तो राबवून घ्यायचे सालदारासारखे आणि पैसे मोजताना म्हणायचे, तू तर उक्त्यावरचा, तेव्हा.

ठरावाला जोडलेला कागद मी दोनदा वाचला. रोजची डायरी जिल्हा कार्यालयाला द्यायची. दर सोमवारी बैठकीला हजर राहायचे. कोणत्या गावी जायचे ते तालुकाप्रमुख सांगणार. दुसरीकडे काम धरायचे नाही. सुट्टी परवानगीने. भावांनो, यात 'स्वतंत्र' काय आहे?

न्यायालयाने हे फार पूर्वी ओळखले आहे. कच्छच्या रणात मीठ पिकवणारे अगरिये एका कंपनीसाठी राबत. मणाला साडेपाच आणे मिळत. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला माणसे ते स्वतःच्या खर्चाने लावत आणि पावसाळा आला की गावी जाऊन शेती करत. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार नव्हेत, स्वतंत्र ठेकेदार आहेत. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते कामगारच आहेत, कारण मीठ कसे पिकवायचे यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत देखरेख कंपनीची होती. पुढे १९७३ मध्ये नगावर शिवणाऱ्या शिंप्यांच्या बाबतीतही तसाच निकाल लागला. कागदावर कोणते नाव लिहिले ते कोर्ट पाहील, पण तेवढ्यावर थांबणार नाही. हजेरीपट नसलेले, आठ महिने मिठात आणि चार महिने शेतात राबणारे अगरिये जर कामगार ठरले, तर दर सोमवारी हजर राहणारी आपली कार्यकर्ती कोण ठरेल?

पण कोर्टाच्या भीतीने हे करू नका. आपला स्वतःचा हिशेब काय सांगतो ते पाहा.

कापसाचा हमीभाव जाहीर होतो तेव्हा आपण काय म्हणतो? कृषिमूल्य आयोगाचे तीन खर्च आपल्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत. ए-२ म्हणजे रोख गेलेला पैसा. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की सी-२. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये खर्चावर ५० टक्के सांगितले, आणि सरकार तो खर्च सी-२ धरत नाही म्हणून आपण रस्त्यावर बसतो. मग या बाईच्या १५,००० ला तोच मापदंड लावू. (बाईच हवी असे माझे मत आहे. नवरा गेलेली बाई परक्या पुरुषापाशी काय बोलणार?)

समजा महिन्यात २२ दिवस फिरती, दिवसाला ६० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर दिवसाचे १२६, महिन्याचे २,७७२. टायर, ऑइल, चेन आणि गाडीची झीज मिळून १,२०० धरा, फोनचे ३००. उरले १०,७२८. हा झाला ए-२ वजा जाता आकडा. दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, आजारपणाचे दिवस, बाळंतपण, म्हातारपण यांचा अजून पत्ता नाही. नोकर असती तर यातले काही मालकाच्या अंगावर पडले असते. स्वतंत्र म्हटले की सारे तिच्या अंगावर, आणि दर मात्र आपण ठरवलेला. असा सौदा व्यापाऱ्याने आपल्याशी केला तर आपण त्याला काय म्हणतो ते इथे छापायला नको.

'मानधन' हा शब्द तर मला मुळीच नको. २००५ पासून आशा ताई गावोगाव राबत आहेत. आपल्याच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या घरी जाऊन, झोप लागते का, मन लागते का, हे विचारण्याचे कामही सरकारने त्यांच्याकडे दिले. त्या मात्र कागदोपत्री स्वयंसेविका. २०२३ मध्ये त्या महाराष्ट्रभर संपावर गेल्या तेव्हा आपण पाठिंब्याचे पत्रक काढले होते. ते पत्रक कार्यालयात असेल, काढून वाचा. मी स्वतः कृषी पदवी घेऊन एका प्रकल्पात अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर काम केले आहे. दहाव्या महिन्यापासून माणसाचे लक्ष वावराकडे राहत नाही, साहेबाच्या तोंडाकडे राहते.

आणि हे काम काही किलोवर वेचायचा कापूस नाही. पहिल्या भेटीत ती बाई बोलतच नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळते की सातबारावर अजून सासऱ्याचे नाव आहे, वारसनोंद झालेली नाही, मुलगी शाळेतून काढली आहे. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे मिळणारे एक लाख, त्यातले ३०,००० रोख आणि ७०,००० ठेव, तेही कुटुंब अपात्र ठरल्याने अडले आहेत. तलाठ्याकडे चार खेपा, बँकेत दोन. ज्या घरी सर्वांत जास्त खेपा लागतात तेच घर भेटीमागे पैसे देण्याच्या हिशेबात तोट्याचे ठरते. खाजगी सावकाराच्या माणसाने तिला रस्त्यात अडवले तर ती कुणाची, हेही आधी ठरलेले असावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत माणसे दगावली, त्यांत रोजाने गेलेले शेतमजूर होते. ती घरे आठवा.

एक आक्षेप मला मान्य आहे. आपली चळवळ खुल्या कराराच्या बाजूची आहे, प्रत्येकाला नोकरदार करण्याची नाही, आणि ही बाई संघटनेच्या दावणीला बांधली गेली तर आपण तिला विधवांना मोर्चात आणायला सांगू. खरे आहे, आपण सांगू. पण त्याला उपाय कंत्राट नव्हे. दवाखान्यातला डॉक्टर पगारी असतो, तरी औषध कोणते द्यायचे ते व्यवस्थापक ठरवत नाही. तसेच तिच्या नेमणूकपत्रात लिहा: कुटुंबाची माहिती संघटनेच्या कुणालाही, जिल्हाध्यक्षालाही, त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय मिळणार नाही. मोर्चाचे काम तिच्याकडे नाही.

खरे उक्त्याचे कामही आहे. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना दोन दिवसांचे शिक्षण द्यायचे, दुःखात असलेल्या घरात कसे बोलावे ते शिकवायचे. त्याला बाहेरचा जाणकार बोलवा, तो आपला दर सांगेल, पटला तर द्या. त्याला सोमवारची बैठक नको.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. 'स्वतंत्र कंत्राटदार' हे शब्द काढावेत. तीन वर्षांची लेखी नेमणूक द्यावी. पगार वेगळा, प्रवासखर्च किलोमीटरवर वेगळा, वर्षाला ठरलेली पगारी रजा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये संघटनेने भरावेत, त्यात दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. तेवढा पुरेसा नाही, पण तो पहिल्या दिवशी हवा. एवढे पैसे पाच तालुक्यांसाठी उभे राहणार नाहीत हे मला दिसते आहे. मग दोन तालुके घ्या. कोणते दोन, ते बैठकीत ठरवू. येताना आपापल्या तालुक्यातील घरांची यादी घेऊन या.