आज्ञावलीची परीक्षा कोणी घ्यायची?

व्हर्नियर कॅलिपरने माप घेण्यापूर्वी आपण त्याची शून्य त्रुटी पाहतो. संगणकाच्या आज्ञावलीला मात्र ही शिस्त क्वचितच लावली जाते. एकदा उत्तर बरोबर आले की काम संपले, असे आपण समजतो. माझ्या मते ही सवय मोडली पाहिजे.

जावा या भाषेत प्रत्येक चलाचा प्रकार कंपायलरला आधीच ठाऊक असावा लागतो. पूर्णांकाच्या जागी शब्द दिला, तर कंपायलर आज्ञावली स्वीकारतच नाही. इतका कडक पहारा असताना वेगळी चाचणी कशाला, असे तुम्ही विचाराल.

जावासोबत मिळणाऱ्या तयार फलनांपैकी एक फलन चढत्या क्रमाने लावलेल्या अ‍ॅरेमध्ये, म्हणजे संख्यांच्या रांगेत, हवी ती संख्या शोधते. दर वेळी रांगेचा मध्य पाहायचा व निम्मी रांग सोडून द्यायची, ही त्याची रीत. मध्य काढताना दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवून दोनाने भागले जात. यात चूक दिसते का? सुमारे नऊ वर्षे ती दडून राहिली. 2006 मध्ये हे फलन लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीर केली.

जावाच्या ‘इंट’ प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647 आहे. बेरीज तिच्यापुढे गेली की ती उलटून ऋण बाजूला जाते. दोन्ही टोके दीडशे कोटी असली, तर मध्य येतो उणे 64,74,83,648! प्रकार मात्र पूर्णांकच राहतो. म्हणून पहारेकरी गप्प बसतो.

संपूर्ण फलन तपासून ही चूक पकडायची, तर शंभर कोटींहून लांब रांग हवी. पण मध्य काढण्याचे काम वेगळ्या लहान फलनाकडे दिले, तर दोन मोठे क्रमांक पुरतात. हीच घटक-चाचणी. टोकांमधील फरकाचे निम्मे डाव्या टोकात मिळवले की दोष जातो.

तेव्हा अ‍ॅरेवरील फलन लिहिण्याआधी कागद घ्या. रिकामी रांग, एकच संख्या, पहिले व शेवटचे स्थान, रांगेत नसलेली संख्या, या प्रत्येकाचे अपेक्षित उत्तर लिहा. मग यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहा. शिक्षकांना विनंती, की आज्ञावलीबरोबर या कागदालाही गुण द्यावेत.

चाचण्यांनी आज्ञावली निर्दोष ठरत नाही, हे खरे. पण जी कधी तपासलीच नाही, तिच्यावर विश्वास ठेवणे ही श्रद्धा झाली, विज्ञान नव्हे.