उन्हाचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेखाली सर्वसाधारण शेतकरी दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी पाच टक्के हिस्सा भरून पंप घेतो. जेथे कष्टकऱ्याचा पैसा गुंततो, तेथे त्यावर डोळा ठेवणारा व्यापारही उभा राहतो. पॅनेलवर अमुक लेप चढवा, वीज दीडपट होईल, असे सांगणारे विक्रेते आता दारी येतात. अशा दाव्यांची छाननी केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही.

तिला शाळेतले गणित पुरते. भर उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. आजचे चांगले पॅनेल तीतून २०० ते २२० वॅट वीज काढते. साध्या सिलिकॉन पॅनेलची सैद्धान्तिक मर्यादाच तीस टक्क्यांच्या आत आहे. मग लेपाने ३०० ते ३३० वॅट कोठून येणार?

मात्र सर्वच दावे खोटे मानणे हाही आळसच होय. पॅनेल तापले की दर अंशामागे त्याची वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणून पाणी सोडून ते गार केल्यास वीज वाढते, हे खरे. परंतु त्यासाठी खर्ची पडलेली वीज व पाणी वजा जाता उरते किती, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याने विचारलेच पाहिजे. सूर्याबरोबर फिरणारी चौकट अधिक वीज देते. तिची किंमत व देखभालही हिशेबात धरावी लागते. धूळ पुसण्याला मात्र फारसा खर्च नाही.

कसोटी सोपी आहे. सारखी दोन पॅनेले शेजारी ठेवावीत, एकावरच प्रयोग करावा आणि महिनाभर दोन्हींची युनिटे त्रयस्थाने मोजावीत. दुपारच्या एका क्षणाचे आकडे ग्राह्य धरू नयेत. अशी चाचणी जिल्ह्याजिल्ह्यातील शासकीय तंत्रनिकेतनांत अल्प दरात व्हावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. दावा फसला तरी विक्रेत्याचा नफा त्याच्या पदरी पडलेला असतो. कर्जाचे हप्ते शेतकरी फेडत राहतो. म्हणून पुराव्याचा भार विकणाऱ्यानेच वाहिला पाहिजे.