मोटारीच्या सहवासात : तेल जाते कुठे?

गेल्या भाऊबीजेला ठाण्याला धाकट्या बहिणीकडे गेलो, तर ओवाळणीआधीच मेहुण्यांनी माझ्या हाती डिपस्टिक ठेवली! त्यांची मोटार जुनी घेतलेली, सुपरचार्जरवाली. हजार किलोमीटरला लिटरभर तेल पीत होती. चढावर मागे निळा धूर. गॅरेजवाल्याचे निदान तयार होते : रिंगा गेल्या, इंजिन खोला. त्याने सांगितलेला आकडा म्हणजे भाचीच्या कॉलेजची वर्षाची फी. बहीण काही बोलत नव्हती, हेच वाईट.

“कॉम्प्रेशन मोजले का?” मी विचारले.

“नाही हो दादा. धूर बघूनच सांगितले त्याने.”

वाचकहो, पिस्टन कितीही घट्ट बसो, थोडा वायू रिंगांजवळून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो कोंडला की तेलाला बाहेर ढकलतो. पूर्वी त्याला नळीने सरळ रस्त्यावर सोडीत. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मोटारींपासून तो झडपेवाटे इंजिनातच ओढून जाळू लागले. साध्या इंजिनात हे सोपे, कारण इनटेकमध्ये बहुधा ओढ असते. पण सुपरचार्जर हवा कोंबू लागला की तिथे ओढीच्या जागी दाब येतो! त्या वेळी झडपेने दार लावून घ्यायचे आणि वायूने दुसऱ्या नळीने सुपरचार्जरच्या अलीकडे जायचे. झडप उघडीच अडकली, तर कोंबलेली हवा उलटी तेलाच्या घरात घुसते, आणि तेलाचे तुषार घेऊन दुसऱ्या वाटेने जळायला जाते. तोच निळा धूर.

इंजिन थंड होते. झडप काढली, इनटेककडच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंकले. वारा आरपार! दुसरी नळी काळ्या चिखलाने अर्धी बुजलेली. मेहुणे रोज स्टेशनापर्यंतच मोटार नेतात. इंजिन पुरते तापत नाही, आतली वाफ तेलात मुरते आणि असा चिखल होतो.

दुसऱ्या गॅरेजात कॉम्प्रेशन मोजून घेतले. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. (ते पडलेले निघते, तर मीही इंजिन खोला म्हटले असते.) नवी झडप, नवी नळी बसली. पुढच्या हजार किलोमीटरला पाव लिटरही लागले नाही. फी वेळेवर भरली.

आता मेहुण्यांना कुणी तेल गाळणारा डबा बसवायला सांगितले आहे. वस्तू चांगली, पण तो वरचेवर रिकामा करावा लागतो. घरातला कचऱ्याचा डबा कोण रिकामा करते, ते मी बहिणीला विचारले. ती नुसती हसली.