ग्राफिक्स कार्ड : आकडे आणि कामगिरी

घरातील मुलगा वा मुलगी अभियांत्रिकी, वास्तुरचना अथवा अ‍ॅनिमेशन यांपैकी एखाद्या अभ्यासक्रमास गेली, की हल्ली एका नव्या खरेदीचा विषय निघतो. ही वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. वडील मंडळींना तिचे नाव उमगत नाही. किंमत मात्र तत्काळ उमगते. बरे कार्ड घ्यावयाचे म्हणजे पंचवीस-तीस हजार रुपये सहज लागतात. फ्रीगंजातील दुकानात दोन कार्डांचे दोन कागद पुढे ठेवले जातात, दोहोंवर आकड्यांची दाटी असते, आणि ज्याचे आकडे मोठे ते उत्तम असे मानून व्यवहार उरकला जातो. हे आकडे कसे वाचावेत, याचा थोडा विचार या महिन्यात करू.

प्रथम या कार्डाचे काम पाहू. संगणकाच्या सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके. हलते चित्र सेकंदास साठ वेळा नव्याने रंगवावयाचे म्हटले, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा हिशेब करावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न शास्त्र्यासारखा आहे. कठीण प्रश्न तो क्रमाने सोडवितो. ग्राफिक्स कार्ड ही हजारो विद्यार्थ्यांची शाळा होय. तेथे प्रत्येकाने एक लहानशी बेरीज करावयाची, पण सर्वांनी एकाच वेळी.

या शाळेत विद्यार्थी किती, एवढे पाहून मात्र भागत नाही. याचे मर्म जाणण्यास आम्हां उज्जैनकरांना फार दूर जावयास नको. क्षिप्राकाठची वेधशाळा पुरेशी आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. पितळी यंत्रे लहान असल्याने त्यांवर सूक्ष्म विभाग पाडता येत नाहीत आणि त्यांचे आस झिजतात, अशी जयसिंहाची तक्रार होती. म्हणून त्याने चुन्या-दगडांची प्रचंड यंत्रे बांधविली. जयपूरचे त्याचे मोठे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या पट्टीवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा आहेत. परंतु सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. त्यामुळे सावलीची कड धूसर पडते, आणि ही धूसर कड वेळेच्या हिशेबाने सुमारे दोन मिनिटांची असते. खूण दोन सेकंदांची असली, तरी सावली तितकी रेखीव पडत नाही. निरीक्षकाला युक्तीने तिचा मध्य साधावा लागतो. खूण ही यंत्राची क्षमता झाली. सावली वाचून जी वेळ हाती येते, ती त्याची कामगिरी.

ग्राफिक्स कार्डाचेही असेच आहे. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड २०२१ साली आले. त्यात ३५८४ गणन-घटक आणि १२ जीबी मेमरी होती. २०२३ साली आलेल्या आरटीएक्स ४०६० मध्ये घटक ३०७२ आणि मेमरी ८ जीबी. कागदावर नवे कार्ड उणे भासते. तरी बहुतेक खेळांत तेच पुढे राहते, कारण त्याचा वेग अधिक आहे आणि हाताशी ठेवावयाची जलद मेमरी ३ एमबीऐवजी २४ एमबी आहे. उलट, त्रिमितीय चित्राचा पसारा ८ जीबीत मावेनासा झाला, की जुने १२ जीबीचे कार्डच उपयोगी पडते. तेव्हा श्रेष्ठ कोणते, हे काम ठरल्याखेरीज सांगता येत नाही.

नावानेही फसगत होते. जीटी १०३० हे स्वस्त कार्ड २०१७ साली एका जातीच्या मेमरीसह आले आणि पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसऱ्या, मंद जातीच्या मेमरीसह निघाले. पहिले सेकंदास ४८ जीबी माहिती वाहून नेई, दुसरे जेमतेम १७ जीबी. दोहोंत मेमरी २ जीबीच! लॅपटॉपमध्ये तर एकाच नावाच्या कार्डाला कोणी ६० वॉट वीज देतो, कोणी ११५. कामगिरी त्याप्रमाणे बदलते.

थोरामोठ्यांच्या व्यवहारातही हा भेद पाळला जातो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक यादीत ६३ व्या स्थानी आला. त्याचे बळही याच कुळातील प्रोसेसरांत आहे. त्या यादीत त्याच्यापुढे दोन आकडे आहेत : सैद्धांतिक क्षमता सुमारे ५.२७ पेटाफ्लॉप, आणि प्रत्यक्ष गणित सोडवून मोजलेली ४.६. क्रम लागतो तो दुसऱ्या आकड्यावर.

म्हणून वाचकांस आमची सूचना अशी, की मुलांकडून प्रथम एका कागदावर लिहून घ्यावे : काम कोणते, त्यासाठी प्रणाली कोणती, ती रोज किती तास चालणार. मग त्याच प्रणालीवर घेतलेल्या चाचण्यांचे निकाल ताडून पाहावेत. त्यांत केवळ सरासरी पाहू नये. सर्वांत मंद क्षणी कार्ड किती अडखळते, तेही पाहावे. आपल्या संगणकाचा वीजपुरवठा त्या कार्डाला पुरेल काय, हे विचारावे. माळव्यातील मे महिन्यात कोंदट पेटीत ठेवलेले कार्ड तापून आपला वेग आपणच कमी करते, हेही ध्यानात असावे.

लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग आणि प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे एवढेच काम असेल, तर बहुतेक प्रोसेसरांत असलेली चित्रसोय पुरेशी असते. अशा वेळी तेच पैसे चांगल्या पडद्यावर वा पुढील सत्राच्या शुल्कावर खर्च करावेत. मात्र ज्याच्या अभ्यासाला कार्ड खरोखरच हवे आहे, त्याची मागणी खेळाचे खूळ म्हणून उडवून लावणे हाही अन्यायच होय. तो कागद दोघांनी मिळून वाचला, तर हो म्हणणे आणि नाही म्हणणे, दोन्ही सुकर होईल.