पोतोसीची फेरी टाकसाळीपासून नको

बोलिव्हियातील पोतोसी हे खाणशहर पायी पाहायचे, तर आरंभ टाकसाळीपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'कासा दे ला मोनेदा'ची १७७३ मध्ये पूर्ण झालेली वास्तू भव्य आहे, हे मान्यच. परंतु तेथून निघालेला माणूस चांदीचाच इतिहास पाहतो. ती काढणारे हात त्याच्या नजरेतून निसटतात.

आरंभ करावा तो शहराच्या वर, कारी-कारी डोंगररांगेतील तलावांपासून. हे तलाव बांधलेले आहेत. १५४५ मध्ये सेरो रिको डोंगरात चांदी सापडली. पण उत्तम धातुपाषाण लवकर संपला. उरलेला कुटायला पाणचक्क्या हव्यात, आणि सुमारे चार हजार मीटर उंचीवर बारमाही नदी नाही. म्हणून धरणे! १६२६ मध्ये त्यांपैकी एक फुटले आणि खालच्या गिरण्यांसह शेकडो माणसे वाहून गेली.

पुढे त्या गिरण्यांचे अवशेष लागतात. तेथे घाई करू नये. कुटलेल्या पाषाणात मीठ आणि वांकावेलिकाहून आणलेला पारा मिसळत. मजूर ते मिश्रण पायांनी तुडवीत. मग पारा तापवून उडवीत. त्याची वाफ कोणाच्या छातीत जात असेल, हे सांगायला नको.

हे मजूर आले कोठून? व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७३ मध्ये येथे 'मिता' लागू केली. शब्द इंका राजवटीतील सामूहिक श्रमाचा, व्यवहार मात्र निखळ वेठबिगारीचा! दरवर्षी सुमारे तेरा हजार पुरुष दूरदूरच्या गावांतून येत. पुष्कळदा बायकामुले आणि लामांचे कळपही सोबत. त्यांच्यासाठी स्वतंत्र वस्त्या आणि चर्च होती. त्यांपैकी सान लोरेन्सोचे प्रवेशद्वार अवश्य पाहावे: चरांगो वाजवणाऱ्या जलपऱ्या, सूर्य, चंद्र. ही प्रतिमासृष्टी केवळ स्पेनहून आलेली नाही.

टाकसाळ शेवटी. तिथे चांदीचे पत्रे लाटणारी प्रचंड लाकडी चक्रे आहेत. ती फिरवणारी खेचरे खालच्या मजल्यावर जुंपलेली असत. पाहणाऱ्याने तो खालचा मजला चुकवू नये.

आपला संबंध? अमेरिकेतील चांदीचा काही भाग युरोपमार्गे सुरतेस पोहोचे आणि मुघल टाकसाळीत तिचे रुपये पडत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी लुटलेल्या सुरतेच्या वैभवामागे हा व्यापारही होता. सुरतेवर वाद घालताना आपण पोतोसीपर्यंत क्वचितच जातो.

राहिला खुद्द डोंगर. तेथे आजही सहकारी संस्थांचे खाणकामगार उतरतात. खोदून पोखरल्यामुळे शिखर खचते आहे आणि २०१४ पासून पोतोसी युनेस्कोच्या धोक्यातील वारशांच्या यादीत आहे. बाजारातून कोकाची पाने आणि सुरुंगाची दारू भेट म्हणून घेऊन पर्यटकही खाणीत जातात. मी तो भाग फेरीतून वगळेन. चालू पाळीतल्या माणसाला आपण अवशेषांच्या रांगेत उभे करू नये.