डोक्याचा मार आणि वाटेतला वेळ

पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकीपासून कराड, पेठनाक्यापर्यंत सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून धावतो. इथे दुचाकीवरून पडलेल्याच्या कवटीला बसलेला मार तिथेच थांबत नाही. श्वास अडला किंवा रक्तदाब घसरला, तर मेंदूची दुसरी हानी सुरू होते, आणि ती बरीचशी टाळता येते.

म्हणून 2014पासून धावणाऱ्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असण्याला मोल आहे. मान पट्ट्याने स्थिर करायची, तोंडातले रक्त ओढून काढायचे, ऑक्सिजनचे प्रमाण 90 टक्क्यांखाली आणि वरचा रक्तदाब 110खाली जाऊ द्यायचा नाही, डोळ्यांच्या बाहुल्या तपासत राहायचे. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया होईल अशाच रुग्णालयाला आधी फोन करून तिकडे निघायचे. जत-आटपाडीहून मिरज गाठायची असेल, तर चुकीच्या दारात गेलेला अर्धा तास भरून निघत नाही.

उरले आपण. जखमीला रिक्षात कोंबू नका, पाणी पाजू नका, 108 लावा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील 2019च्या दुरुस्तीने संरक्षण आहे. या अंकाचा आग्रह एवढाच, की तालुकानिहाय गाडी किती मिनिटांत पोचली, हे जिल्हा प्रशासनाने दरमहा जाहीर करावे.