वीस तासांचा हिशेब

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले आता पुण्या-मुंबईवर थांबत नाहीत. लंडन, मेलबर्न, टोरांटो ही नावे पालकसभेत सहज कानी पडतात. आम्हां शिक्षकांस त्याचा आनंदच आहे. मात्र त्या आनंदाबरोबर एक वाक्यही घरोघरी फिरू लागले आहे: ‘तिकडे पोरगं अर्धवेळ काम करील आणि आपला खर्च आपण भागवील.’ एजंट हे सांगतो, पालक विश्वास ठेवतात आणि त्या भरवशावर घर किंवा दोन एकर जमीन गहाण पडते. या वाक्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे.

आपल्या मुलांचा ओढा ब्रिटनकडे अधिक, म्हणून तेथील नियम पाहू. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यापुढील शिक्षण घेणाऱ्यास सत्र चालू असताना आठवड्यास अधिकात अधिक २० तास काम करता येते. हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. एका आठवड्यात २४ तास आणि पुढच्या आठवड्यात १६, अशी सरासरी चालत नाही. स्वतंत्र व्यवसायास तर परवानगीच नाही, आणि ॲपवरून घरोघरी जेवण पोहोचविण्याचे काम बहुधा त्याच सदरात मोडते. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते हे खरे. परंतु एका वर्षाच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यास उन्हाळा ही सुट्टी नसते. तो प्रबंधलेखनाचा काळ धरला जातो आणि २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू राहते. एजंटांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांत हा बारकावा आम्हांस अजून आढळलेला नाही.

आता पैशांचे पाहू. एप्रिल २०२५ मध्ये तेथे २१ वर्षे व त्यावरील कामगारांचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. एकही आठवडा न चुकता २० तास काम मिळाले, तर त्या दराने महिन्याकाठी सुमारे १,०५८ पौंड होत. उलट नोव्हेंबर २०२५ पासून व्हिसासाठी दाखवावयाची निर्वाहाची रक्कम लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी ती नऊ महिन्यांची, सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. पुढे होणारी अर्धवेळ कमाई त्यात धरता येत नाही. म्हणजे त्या सरकारच्याच मोजमापाने पूर्ण वीस तास राबूनही निर्वाह पुरा होत नाही, मग फी कोठून भरणार?

इतरत्र आकडे वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात पंधरवड्यास ४८ तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्यास २४ तास. अमेरिकेत पहिले शैक्षणिक वर्ष विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस मिळतात आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, त्यामुळे तेथले गणित जरा बरे बसते. पण बहुतेक वेळा भाषा आधी शिकावी लागते.

श्रमाचे आम्हांस वावडे नाही. आमच्या मागच्या पिढ्यांनी त्याखेरीज काय केले? परंतु इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस १९१७ साल आठवते. बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला पोहोचले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपताच त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा संपला होता. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. ग्रंथालयातले ते तास त्यांनी भारतात आधी तजवीज करून मिळविले होते.

आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. पण २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि प्रारंभी ४० जणांनाच पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधीच्या उपलब्धतेची वाट पाहण्यास सांगण्यात आले. त्याच योजनेत ब्रिटनमधील विद्यार्थ्यास संशोधन वा अध्यापन सहायक म्हणून वर्षाला १,५६० पौंडांपर्यंतच कमावण्याची मुभा आहे. त्याहून अधिक कमावल्यास भत्ता तेवढा कमी होतो. अभ्यासच करावा हा त्यामागील हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु मग हप्ता वेळेवर पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हप्ता रखडला की घरमालक थांबत नाही. मुलगा किंवा मुलगी हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला उभी राहते, एखाद्या आठवड्यात २० चे २६ तास होतात आणि त्या सहा तासांपायी व्हिसा धोक्यात येतो. दोष मात्र विद्यार्थ्याच्या नावावर लिहिला जातो.

शासनाकडे मागणी करीत राहावीच लागेल. तोवर माजी विद्यार्थी संघाने एक निधी उभारावा, अशी आमची सूचना आहे. निवड झालेल्या पण हप्ता न मिळालेल्या विद्यार्थ्यास तीन महिन्यांचा निर्वाह बिनव्याजी द्यावा आणि हप्ता येताच परत घ्यावा. लंडनबाहेर ही रक्कम साडेतीन हजार पौंडांच्या आसपास होते. शंभर माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पस्तीस पौंड, म्हणजे साधारण चार हजार रुपये दिले, तर एकाची सोय होते. तेच पैसे परत येऊन पुढल्या वर्षी दुसऱ्यास देता येतात. परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींनी आणखी एक करावे. सुट्टीत गावी आल्यावर पालकसभेस यावे, आपली वेतनपावती आणि घरभाड्याची पावती सोबत आणावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पालकांना दाखवाव्यात.